तांडेलाच्या मुलाला बोट लागते

आमच्या भजनी मंडळात किस्से कुणी जमवत नाही, ते आपले साठत जातात. शनिवारी संध्याकाळी विक्रोळीच्या चाळीत भजन व्हायचं, मग चहा यायचा, आणि चहाबरोबर कुणीतरी नवा मेंबर भाबडेपणाने विचारायचा, "बोट लागते म्हणजे नक्की काय होतं हो?" झालं! मग चहा निवायचा, घरून बायकांचे निरोप यायचे, पण कुणी उठायचं नाही. या विषयावर आमच्या मंडळाइतका अनुभव अख्ख्या उपनगरात कुणाला नसेल, आणि तो सगळा आम्ही एकाच प्रवासात मिळवला.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी मुलुंडला राहायचो, विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून होतो आणि मंडळात झांज वाजवायचो. आमचे बुवा म्हणजे वासूबुवा. त्याच कारखान्यात लेथवर होते. मालवणजवळच्या गावचे, अंगाने दणकट, आणि आवाज असा की सूर लावला की चाळीतली भांडणं थांबायची. पखवाजावर गणपत, तोही मालवणीच. आणि अध्यक्ष घाटकोपरचे नाना. नाना आमच्या ऑफिसात हेडक्लार्क. त्यांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, पण कुठल्याही संकटावर त्यांच्याकडे उपाय तयार असायचा, म्हणून आम्ही त्यांना अध्यक्ष केलं होतं.

तर त्या वर्षी वासूबुवांच्या गावाहून बोलावणं आलं. देवळावर नवा कळस चढणार होता, त्या सोहळ्याला डबलबारी करायची. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. दोन मंडळं समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि सरस कोण ते लोक ठरवतात. आमच्यासमोर बोरिवलीचे भिकाजीबुवा होते. आम्ही सगळे खूश. फक्त वासूबुवा गप्प.

मी त्यांना बाजूला घेतलं. "काय झालं बुवा? भिकाजीबुवांना घाबरलात की काय?"

"तेका कोण घाबरता?" ते म्हणाले. "माका बोट लागता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचे वडील सदू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळे दर्यावर. वासूबुवा मिसरूड फुटायच्या वयाचे असताना वडिलांनी त्यांना पहिल्यांदा मासेमारीला नेलं, आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत हे सगळ्या खलाशांदेखत होडीत ओकले. परत आल्यावर तांडेल घरात एवढंच म्हणाले, "ह्यो दर्याच्या उपेगाचो नाय. मुंबैक धाडा."

तेव्हापासून बापलेकाचं बोलणं म्हणजे 'कधी इलंस' आणि 'कधी जातंस'. वासूबुवा गावी जायचे तेही कोल्हापूरला उतरून, एसटीने घाट उतरून, एवढा मोठा वळसा घालून. मुंबईत बुवा म्हणून नाव झालं, पण वडिलांनी त्यांचं भजन एकदाही ऐकलं नव्हतं.

"बापाशीन एकदा फुड्यात बसान आयकाक व्हया," बुवा म्हणाले. "माका दुसरा काय एक नको. पण मी जर बोटीतसून ओकत उतारलंय, तर तो देवळाच्या पायरेक पण येवचो नाय."

पण पेटी, पखवाज आणि एवढी माणसं एसटीच्या वळशाने नेणं शक्य नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरून पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट, असं ठरलं. मे संपत आला होता आणि समुद्र खवळायला लागला होता.

*

नानांना आम्ही खरं कारण सांगितलं नाही. बोटीचा त्रास सगळ्यांनाच होईल, एवढंच म्हटलं.

"बोट लागते ती सवय नसते म्हणून," नाना म्हणाले. "सवय करू."

आता सवय करायला बोट आणायची कुठून? पण नानांच्या ओळखीचा एक लॉरीवाला होता, तो आरे कॉलनीत म्हशींसाठी गवत पोहोचवायचा. कॉलनी तेव्हा नवीनच होती. रविवारी गवत उतरवल्यावर लॉरी रिकामी परत यायची. नानांनी त्याला पटवलं. आम्ही सगळे मागे उभे, काहीही धरायचं नाही अशी सक्त ताकीद, पेटी मधोमध, आणि जंगलातल्या खड्ड्यांच्या रस्त्याने लॉरी सुसाट. वर भजन चालू ठेवायचं.

गणपतने पखवाज पोटाशी बांधला होता. तो वाजत होता की आपटत होता ते आजही सांगता येत नाही. पाड्यावरची माणसं रस्त्यावर येऊन बघत राहिली. आम्ही ज्या गोठ्यावरून गेलो त्या गोठ्यातल्या म्हशींनी संध्याकाळी दूध दिलं नाही, असं लॉरीवाला पुढे कित्येक दिवस सांगत होता.

शेवटी लॉरी थांबली. वासूबुवा ठणठणीत. गणपत ठणठणीत. आम्ही सगळेच ठणठणीत. फक्त ड्रायव्हरशेजारी गादीवर आरामात बसलेले नाना खाली उतरले, एका झाडाला धरून उभे राहिले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून होते.

परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. पण अध्यक्ष ते अध्यक्ष. रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "बघितलंत? पुढे बसायचं नाही. हे आज आपल्याला कळलं."

*

आगबोटीवर डेकचं तिकीट म्हणजे जो आधी वळकटी पसरेल त्याची जागा. नानांनी धक्क्यावर आम्हाला भाषण दिलं. बोटीचं टोक हलतं, शेपूट हलतं, मध्य हलत नाही, तेव्हा मध्य पकडा. आम्ही धावत जाऊन मध्य पकडला. जागा अगदी मोकळी होती. एवढ्या गर्दीत ती मोकळी कशी, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

बोट सुटल्यावर कळलं. आमच्या बरोबर खाली इंजिन होतं आणि शेजारी बोटीची खानावळ. खालून गरम तेलाचा वास, बाजूने तळलेल्या बांगड्याचा. दोन्ही वास आमच्या वळकट्यांवर येऊन भेटत होते.

आणि भिकाजीबुवांचं मंडळ उशिरा आलं, त्यांना जागा मिळाली ती नेमकी आमच्या शेजारी. भिकाजीबुवा बारीक, टापटीप माणूस. खांद्यावर घडीचं उपरणं, हातात लिंबांची करंडी. वासूबुवांना बघून त्यांनी हात जोडले. "वासूबुवानू, तुमी तांडेलाचे झील. तुमका बोटीचा कसला भय? आमका जरा सांभाळा."

वासूबुवा हसले. ते हसू बघून मी त्यांच्या आणि कठड्याच्या मधली वळकटी बाजूला सरकवून ठेवली.

इकडे जेवणावरून वाद सुरू झाला. भिकाजीबुवांच्या मंडळाचं मत, पोट रिकामं ठेवायचं आणि लिंबू चोखत बसायचं. नानांचं मत बरोबर उलटं. "अर्धी भरलेली गोण हलते, गच्च भरलेली हलत नाही. जेवा रे." त्यांनी स्वतः उभं राहून आम्हाला पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर दोन-दोन लाडू खायला लावले. मग घरून आणलेले पंचे काढले आणि प्रत्येकाच्या पोटाला करकचून बांधले. गणपत म्हणाला, "नाना, श्वास घेवक येना नाय." नाना म्हणाले, "थोडा थोडा घे."

हर्णै मागे पडल्यावर समुद्राने रंग दाखवला. आणि त्याने रिकामी पोटं आणि भरलेली पोटं यांना अगदी सारखी वागणूक दिली. भिकाजीबुवांचे दोघे लिंबासकट कठड्याकडे धावले, आमचे तिघे लाडवांसकट. परत येताना पाचही जण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आले. इतका एकोपा दोन मंडळांत त्याआधी कधी नव्हता.

*

आता खरा किस्सा. डेकवर सगळीकडे माणसं आडवी झाली होती, पोरं रडत होती. एक म्हातारी आमच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "बुवानू, वाजवा काय तरी. देवाचा नाव कानार पडला तर बरा वाटात."

दोन बुवा, दोन पेट्या, समोर पब्लिक. मग काय राहणार? तिथेच डेकवर डबलबारी लागली. नियम नेहमीचेच. एक बुवा गाताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, आणि बारी चालू असताना बुवाने बैठक सोडायची नाही. उठला तो हरला.

पहिली बारी वासूबुवांची. त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला, आणि काय सांगू, बोट एवढी वरखाली होत असताना आवाज रेसभरही हलला नाही. माणसं उठून बसली. पोरं गप्प झाली. बुवांच्या चेहऱ्यावर छान रंग आला. माझ्या लक्षात आलं, हा माणूस गातोय तोपर्यंत याला बोट लागत नाही. गाण्याने पोट जागच्या जागी राहतंय.

पण बारी संपली, भिकाजीबुवांची सुरू झाली, आणि आमच्या बुवांना गप्प बसावं लागलं. दोन मिनिटांत चेहरा हिरवट. कपाळावर घाम. ते एकदा कठड्याकडे बघायचे, एकदा भिकाजीबुवांकडे. उठावं तर हरले, आणि ही बातमी त्यांच्याआधी मालवणला पोहोचणार. बसावं तर तिथेच सगळं होणार. मी मनात म्हटलं, वाट लागली.

आणि वासूबुवांनी तोंड उघडलं. भिकाजीबुवांच्या मागे, त्यांच्याच गजरात, त्यांच्याच मंडळाच्या कोरसमध्ये सूर धरला!

भिकाजीबुवांची बोटं पेटीवर थबकली. डबलबारीत असं कुणी कधी केलेलं नाही. समोरचा बुवा आपल्या मागे टाळकऱ्यासारखा गातो म्हणजे केवढा मान. त्यांचे डोळे भरून आले. पुढची बारी वासूबुवांची आली तेव्हा भिकाजीबुवांनी परतफेड म्हणून त्यांच्या मागे गळा सोडला. मग कोण कुणाच्या मागे गातोय हेच कळेना. दोन पखवाज, दोन पेट्या, सगळं डेक टाळ्या वाजवतंय, आणि आमचे बुवा एक क्षणभरही थांबायला तयार नाहीत. रत्नागिरीचे दिवे दिसेपर्यंत हे चाललं. कोण जिंकलं ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

शेवटी भिकाजीबुवांनी वासूबुवांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "बुवानू, इतक्या मोठ्या मनाचो माणूस मी आजपर्यंत बगूक नाय."

"मन नाय, बुवा," वासूबुवा म्हणाले, "पोट." आणि कठड्याकडे पळाले.

*

नानांचं राहिलंच. नाना तोपर्यंत पंचा बांधून सपशेल आडवे होते. त्यांना कशाचाच आधार नव्हता, ना गाण्याचा ना लाडवाचा. मी पाणी घेऊन गेलो तर डोळे न उघडता म्हणाले, "दिनू, खलाशाला विचारून ये, बोट बुडतेय का."

मी जाऊन आलो. "नाही नाना, तो म्हणतो बोट पक्की आहे, काही होत नाही."

नाना कूस बदलत म्हणाले, "माझं नशीबच असं."

*

सकाळी मालवण दिसायला लागलं आणि एक नवीनच भानगड उभी राहिली. मालवणला आगबोट किनाऱ्याला लागत नाही. ती लांब खोल पाण्यात थांबते आणि किनाऱ्यावरून पडाव येतात, म्हणजे मोठ्या वल्ह्यांच्या होड्या. त्यात उतरून गावात जायचं. पण समुद्र असा होता की एकही पडाव दिसेना. बोटीवरून सांगण्यात आलं, पडाव आला नाही तर थांबणार नाही, सरळ वेंगुर्ल्याला उतरा. म्हणजे संध्याकाळच्या बारीला मुकलो.

मग लाटांच्या मधून एक पडाव वर आला, खाली गेला, परत वर आला. एकच. गणपत कठड्यावरून ओणवा होऊन बघत होता. "बुवा," तो म्हणाला, "सुकाणार तुमचे बाबा आसत."

वासूबुवा रात्रभराचे गळून गेलेले. शर्टावर डाग. ते ऐकलं आणि त्यांनी तोंड धुतलं, केस विंचरले, टोपी घातली आणि उपरणं डागावर नीट पसरून घेतलं. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर तयार होतं तसे ते तयार झाले. मला फार वाईट वाटलं.

पडाव शिडीला आला, पण एका लाटेला तो आमच्या पायापर्यंत यायचा आणि दुसऱ्या लाटेला पुरुषभर खाली जायचा. उडी कधी मारायची ते कुणाला कळेना. गणपत थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यो ठेकोच आसा रे. खाली जाता, वर येता, समेर येता. समेर उडी मारा." आणि पठ्ठ्या पखवाज घेऊन शिडीच्या डोक्यावर बसला. तो वाजवायला लागला, आणि धा पडला की एक माणूस पडावात. झकास चाललं होतं. आमचं मंडळ, भिकाजीबुवांचं मंडळ, सगळे भजनी, कुणाची सम चुकली नाही. पेट्यासुद्धा समेवर उतरल्या.

मग नानांची पाळी आली. नानांना सम म्हणजे काय ते माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि भलत्याच मात्रेवर उडी घेतली. पडाव त्या वेळी खूप खाली होता. नाना पडले ते थेट भिकाजीबुवांच्या मांडीवर, आणि दोघेही मिळून मासे ठेवायच्या टोपलीत.

सगळ्यांनी धरून त्यांना बसवलं. नाना सावरले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मी तालातच उडी मारली. लाट चुकली."

शेवटी वासूबुवा शिडीवर आले. गणपतने ठेका धरला, पण बुवांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते वडिलांकडे बघत होते. तांडेल सुकाणूवर उभे. काळे, वाळलेले, केस पांढरे. त्यांनी लाटेकडे बघितलं, एक हात वर केला आणि ओरडले, "आता!" बुवा उतरले ते पायरी उतरावी तसे.

तांडेलांनी त्यांना वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. वाऱ्याने उपरणं उडालं होतं, डाग दिसत होता.

"कधी इलंस?" तांडेल म्हणाले.

"आताच," बुवा म्हणाले.

किनाऱ्यापर्यंत दुसरा शब्द नाही. उतरल्यावर बुवा मला म्हणाले, "बगल्यान. आता तो काय येवचो नाय."

*

बोटीतून उतरल्यावर एक गंमत होते. समुद्र सुटतो, पण जमीन हलायला लागते. दिवसभर आम्ही गावात भिंतींना धरून चालत होतो. दिवेलागणीला देवळासमोर मांडव भरला, दोन्ही मंडळं समोरासमोर बसली, आणि आमच्या ध्यानात आलं की आपण बसल्या जागी डुलतोय. ते सगळेही डुलत होते. गंमत म्हणजे दोन्ही मंडळं एकाच बाजूला झुकायची आणि एकाच वेळी परत यायची. अजून आम्ही सगळे त्याच लाटेवर होतो.

गावकऱ्यांना काय माहीत? त्यांना वाटलं मुंबईची मंडळी भजनात तल्लीन झाली. "बगा कशी रंगली हत," असं मागे कुणीतरी म्हणालं. एक बाई उठली आणि वासूबुवांच्या पाया पडली. मग रांगच लागली. नाना बाजूला खुर्चीवर डुलत होते, त्यांच्याही दोघी-तिघी पाया पडल्या. नानांनी आशीर्वाद दिले.

वासूबुवा मात्र मांडवाच्या टोकाला बघत होते. तांडेल आले नव्हते.

भिकाजीबुवांची बारी झाली. आमच्या बुवांनी पेटी पुढे ओढली, सुरुवात केली, पण आवाजात जीव नव्हता. दुसऱ्या अभंगाला वरचा सूर घेताना ते इतके मागे झुकले की मी झांज सोडून हात पुढे केला. आता हे पडतात, असंच वाटलं.

तेवढ्यात मांडवाच्या कडेने तांडेल आत आले. कुठून बघत होते कोण जाणे. गावातले मोठे लोक पुढे बसले होते, त्यांनी सरकून जागा केली. तांडेल तिकडे गेलेच नाहीत. ते तडक आमच्या बैठकीवर चढले, वासूबुवांच्या मागे बसले आणि आपली पाठ त्यांच्या पाठीला लावली. पाठीला पाठ. तोंड उलटीकडे, देवळाच्या भिंतीकडे. पाय रोवून घट्ट बसले.

बुवा डुलायचे थांबले. त्यांना मागे बघायची गरज नव्हती, पाठ कुणाची ते त्यांना कळलं होतं. त्यांनी एक क्षण पेटीवर हात तसेच ठेवले आणि मग जो सूर लावला, तो मी त्यानंतर इतकी वर्षं त्यांच्याबरोबर बसूनही परत ऐकला नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि झांज कुठे वाजत होती ते झांजेलाच ठाऊक. समोर भिकाजीबुवांनी आपल्या पेटीचं झाकण लावून टाकलं. त्यांची दुसरी बारी त्यांनी गायलीच नाही.

भजन संपलं तसे तांडेल उठले, धोतर झटकलं आणि घरी निघून गेले.

मी बुवांना म्हटलं, "बुवा, पण वडील समोर काही बसले नाहीत तुमच्या."

"मेल्या," बुवा म्हणाले, "समोर बसान पाठ कशी धरतलो?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तांडेलांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पेज प्यायला बसलो होतो. वासूबुवांची आई आतून वाढत होती. तांडेल एका कोपऱ्यात जाळं विणत बसले होते. बापलेकांत आदल्या दिवसाबद्दल अवाक्षर झालं नव्हतं. बुवा पेजेकडे बघत होते, तांडेल जाळ्याकडे.

नानांना असली शांतता सहन होत नाही. त्यांनी घसा साफ केला. "तांडेल, तुमचा जन्म दर्यावर गेला. आम्ही एवढे उपाय केले, सगळे फुकट. बोट लागू नये म्हणून तुमचा खास उपाय काय?"

तांडेलांनी हातातली गाठ पुरी केली. आतल्या दाराकडे एक नजर टाकली, तिथे कुणी नाही हे बघितलं.

"उपाय खयचो?" ते हळू आवाजात म्हणाले. "नारळी पुनव झाली काय होडी भायर काढतंय. पयल्या दिवसाक खाडयेचा तोंड सोडला काय पोटातला सगळा वर येता. ओकान घेतंय. मगे पावसापर्यंत काय एक होणा नाय."

"कोण ओकता?" वासूबुवांनी विचारलं.

"मी. आणि कोण?"

"दर वर्सा?"

"दर वर्सा."

बुवांचा आवाज चढला. "मगे माका तेवा मुंबैक कित्याक धाडलात?"

"तू सगळ्यांच्या तोंडार ओकलंस," तांडेल म्हणाले. "तांडेलान ओकूचा ता पाठ फिरवन."

तांडेलांनी जाळं खाली ठेवलं, पुढे वाकले आणि आणखी हळू म्हणाले, "आणि ह्या आवशीक सांगा नको. तिका ठावक नाय."

आतून भांड्याचा आवाज थांबला.

"सांगा नको हां, वासू," आई म्हणाली. "माका कसा ठावक असतला? पयल्या दिवसाचे कपडे काय मी धुतंय? ते दर्याच धुता."